सात वेळा दाखवलेली जागा

१

बुधवारी सकाळी निकिता भुजबळने प्रयोगशाळेचं कुलूप काढलं, कॉम्प्युटर सुरू केला आणि म्हस्कू कोकरे या नावाचा फोल्डर उघडायला गेली, तर फोल्डर जागेवर नव्हता. तिने पुन्हा शोधलं. बाकीच्या चार माणसांचे फोल्डर जसेच्या तसे होते. मग तिने टेबलाचा खण ओढला. राखीव प्रत ठेवलेली छोटी डिस्क तिथे असायची. खणात सेलोटेपची गुंडाळी आणि दोन पेनं तेवढी उरली होती.

दहाच्या सुमाराला झुंबरराव बनकर आपली जुनी स्कूटर फटफटवत कॉलेजच्या फाटकात शिरले, तेव्हा ती बाहेरच्या कट्ट्यावर बसून होती.

"तात्या, म्हस्कूमामा गेले."

झुंबररावांनी स्कूटर जागीच बंद केली. "कधी?"

"तसे नाही हो. त्यांची वर्षभराची सगळी माहिती गेली. कुणीतरी पुसली."

झुंबररावांनी मोजणी खात्यात छत्तीस वर्षं काढली होती. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतली शिवारं त्यांनी पायी तुडवलेली. बांधावरून एकमेकांवर कुऱ्हाडी उगारलेले भाऊ त्यांनी समोरासमोर बसवून शांत केले होते, आणि दगड रातोरात कुणी सरकवला हे ते दगड न बघता, माणसं बघून सांगत, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्तीनंतर गुडघा धरला, पण घरी बसवेना. म्हणून या प्रकल्पाच्या नकाशावरची ठिकाणं तपासून द्यायचं काम त्यांनी आवडीने घेतलं होतं.

प्रकल्पही तसाच होता. मोबाइलवरचा नकाशा बघायला बोट फिरवावं लागतं, नाहीतर बोलावं लागतं. ज्याचे हात हलत नाहीत आणि तोंडातून शब्द फुटत नाही, त्याने काय करायचं? ज्ञानेश हिवरकर सरांनी त्यासाठी एक टोपी बनवली होती. ती डोक्यावर चढवली की माणूस नुसत्या मेंदूच्या जोरावर नकाशात हिंडत असे आणि खुणा करत असे: या दवाखान्याला उतार आहे, त्या बँकेला चार पायऱ्या आहेत, या रस्त्याने खुर्ची जात नाही. शुक्रवारी जिल्ह्याचे अधिकारी बघायला येणार होते. त्यांना पटलं, तर हा नकाशा जिल्हाभर जाणार होता. आणि त्यांना दाखवायचं होतं ते म्हस्कूचंच काम.

म्हस्कू कोकरे पळसदेवचा मेंढपाळ. अडीच वर्षांपूर्वी भिगवणच्या अलीकडे, हायवेच्या कडेला तो मोडलेल्या मानेने सापडला. कुठल्यातरी ट्रकने उडवलं असणार, असं सगळ्यांनी धरलं. तेव्हापासून त्याचा हातपाय हलत नव्हता, आवाज निघत नव्हता, पापणीही हुकमाने मिटत नव्हती. त्याला काही कळत नाही, असंच सगळे म्हणत. गेल्या वर्षी टोपी घातल्यावर पहिल्याच दिवशी त्याने नकाशावर स्वतःचं घर शोधून दाखवलं आणि सगळे गप्प झाले.

झुंबरराव आत गेले. खोलीला तीन किल्ल्या होत्या: सरांकडे एक, निकिताकडे एक, आणि टोपी घेऊन घरोघर जाणाऱ्या अजित राऊतकडे एक. पासवर्ड स्क्रीनच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला. महागाची टोपी तशीच खुंटीवर होती. टॅब चार्जिंगला होता.

"कशाला हात लावलेला नाही," झुंबरराव म्हणाले. "ज्यानं केलं त्याला एकटा म्हस्कूच नको होता."

२

निकिता डोळे पुसून बोलायला लागली. तिचं काम टोपीतून येणाऱ्या लाटा वाचायचं.

"पडद्यावर नकाशाचे नऊ चौकोन असतात, तात्या. एक ते नऊ, तीन ओळींत. प्रत्येक चौकोन वेगळ्या वेगाने लुकलुकतो. माणूस ज्या चौकोनाकडे लक्ष देतो, त्याच्या लुकलुकण्याचा ताल त्याच्या मेंदूत उमटतो आणि टोपी तो पकडते. तो चौकोन मोठा होऊन पडदाभर पसरतो. त्याचे पुन्हा नऊ. असं तीनदा केलं की तालुक्याच्या नकाशावरून माणूस थेट एखाद्या वस्तीवर पोचतो."

"तुला ते पडद्यावर दिसतं?"

"मला नाही. माझ्याकडे लाटा येतात आणि चौकोनांचे आकडे. जागा कुठली ते मी बघतच नाही."

"शेवटचं कधी बसला होता म्हस्कू?"

निकिता थबकली. "परवा, सोमवारी. ते सत्र वाया गेलं. त्यांनी सातही वेळा तेच तीन आकडे निवडले, म्हणजे सातही खुणा एकाच जागी. अजित म्हणाला, मामा दमले होते, पडदा अडकला असेल."

"आणि तुला काय वाटलं?"

"दमलेल्या माणसाच्या लाटा ढिल्या पडतात, तात्या. एरवी मामांच्याही पडतात. सोमवारच्या लाटा..." तिने हात वर नेला. "मी वर्षभरात इतक्या जोरदार लाटा कुणाच्याच पाहिल्या नाहीत. जणू माणूस ओरडत होता."

झुंबररावांनी चष्मा काढला. "ते तीन आकडे कोणते होते?"

तिने कपाळ चोळलं. "आठवत होते. काहीतरी सोपं होतं त्यात. आत्ता डोकंच चालत नाहीये." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि एक सांगू? सोमवारचं सत्र अहवालातून काढून टाक, असं सर मला काल म्हणाले."

३

ज्ञानेश सरांनी केबिनचं दार लावून घेतलं. माणूस हुशार, पण कागदावरच्या टक्क्यांत अडकलेला. गेल्या आठवड्यापासून त्यांना धड झोप नव्हती.

"हो, म्हणालो मी. सात खुणा एकाच जागी म्हणजे सातही चुका. ते सत्र धरलं की अचूकता नव्वदवरून ब्याऐंशीवर येते. पाहुण्यांसमोर ब्याऐंशी दाखवू?"

"म्हणून पुसलंत?"

"झुंबरराव!" सर उभेच राहिले. "एक सत्र वगळ म्हणालो. अख्खा माणूस पुसून मी शुक्रवारी काय दाखवणार? माझी सगळी मांडणी म्हस्कूवर उभी आहे. निकिताला विचारा की. तिला बंगळूरची नोकरी लागलीय. मी तिचं नाव अहवालात दुसरं टाकलं म्हणून आठवडाभर बोलत नाहीये."

"सोमवारी त्यानं कुठली जागा दाखवली, बघितलीत?"

"जागेशी मला काय करायचंय? मी आकडेवारी बघतो."

"टॅब कुणाकुणाच्या हातात होता काल?"

"तिघांच्याही. सकाळी अजितने आणून दिला, दुपारी मी त्यावर भाषणाची तयारी केली, संध्याकाळी निकिताने चार्जिंगला लावला." सर पुन्हा खुर्चीत बसले. "पोलिसांत जाऊ नका एवढ्यात. शुक्रवार होऊ द्या."

झुंबरराव दाराशी जाऊन वळले. "सर, माहिती गेली. पण ज्याची माहिती, तो माणूस तर आहे ना पळसदेवला? त्यालाच परत विचारू. आजच."

बाहेर व्हरांड्यात अजित उभा होता. खांद्याला पिशवी, हातात गाडीची किल्ली. त्याने सगळं ऐकलेलं दिसत होतं.

"चला तात्या," तो म्हणाला. "मीच नेतो तुमाला."

४

अजित राऊत भिगवणच्या बाजूचा. वडील मोहनराव भाजीपाल्याचे मोठे बागायतदार. पोरगा मळ्यात राबेल अशी त्यांची अपेक्षा. पण दीड वर्षापूर्वी अजित आपणहून सरांकडे आला, पळसदेवला एक माणूस पडून आहे, त्याच्यासाठी काहीतरी करा म्हणाला. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तो म्हस्कूकडे जाई. टोपी घालायच्या आधी त्याचं डोकं कोमट पाण्याने पुसे, पाठीखालची गादी बदलून देई. तो म्हस्कूला मामा म्हणे आणि त्याच्या बायकोला, म्हाळसाला, मामी. सख्खा भाचा करणार नाही एवढं करतो, असं गाव म्हणे.

गाडीत झुंबररावांनी विषय काढला. "सोमवारी काय झालं रे?"

"काय न्हाय तात्या. रोजच्याला मी त्यांना गावातला न्हायतर इंदापूरचा नकाशा लावून द्यायचो. सोमवारी म्हणलं, मामा, आज अख्खा तालुका घ्या, वाटंल तितं फिरा. पण दमले."

"कुठं फिरले?"

"मी पडद्याकडं बघितलंच न्हाय. मामांकडंच बघत हुतो. त्यांच्या तोंडाला लाळ आली हुती."

पळसदेवला म्हाळसा अंगणातच होती. पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं खणखणीत. आत खाटेवर म्हस्कू टेकून बसवलेला. अजितने त्याच्या डोक्यावर टोपी चढवली, समोर टॅब लावला. चौकोन लुकलुकायला लागले.

या खेपेला झुंबररावांनी पडद्यावरून नजर हलवली नाही.

म्हस्कूने आठ निवडला. खालच्या ओळीतला मधला. नकाशा मोठा झाला. पुन्हा आठ. पुन्हा आठ. आणखी खाली, आणखी खाली, आणि मग नकाशाची कडा आली आणि पुढे नुसता करडा रंग. अजितने सुरुवातीला नेऊन ठेवलं. पुन्हा आठ, आठ, आठ. तीनदा तेच झालं. चौथ्या खेपेला म्हस्कूच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. चेहरा मात्र दगडासारखा.

"बघा," अजित हळूच म्हणाला. "असंच झालं हुतं. राहू द्या त्यांना."

टोपी काढून तो गाडीत ठेवायला गेला. झुंबरराव टॅबसमोरच बसून राहिले. काहीतरी खुपत होतं. हा नकाशा त्यांनी स्वतः तपासला होता. इंदापूर तालुका म्हणजे वर भीमा आणि खाली नीरा, दोन नद्यांच्या मधला प्रदेश. निकिताला त्यांनी बजावलं होतं, नीरा दिसल्याशिवाय तालुका पुरा होत नाही. त्यांनी बोटाने नकाशा वर सरकवला. उजनीचं पाणी होतं, पळसदेव होतं, इंदापूर होतं. वालचंदनगर नव्हतं. नीराही नव्हती.

नकाशा कुणीतरी खालून कापला होता. म्हस्कूला खाली जायचं होतं आणि त्याच्या पायाखालची जमीनच काढून घेतली होती.

म्हाळसा चहा घेऊन आली. झुंबररावांनी आवाज चढू दिला नाही. "म्हाळसाबाई, सोमवारी अजित इथं होता तेव्हा काय झालं?"

"काय व्हनार? धनी ते चौकोन बघत हुतं. अजितनं टॅब हातात घेतला आन् तसाच हुबा. घाम फुटला त्येला. मी म्हनलं, बाबा, चक्कर येती काय? त्यो चा तसाच ठिवून गेला."

"आणि त्या वेळी, म्हस्कू सापडला तेव्हा मेंढरं कुठं होती?"

"ती व्हय? दोन दिसांनी गावली. पार तिकडं, वालचंदनगरच्या वरल्या अंगाला, कालव्याच्या कडंला. कुत्रं बसलं हुतं राखत. समदी म्हनली, धनी भिगवनला कायतरी कामाला गेलं आसंल." तिने पदर कपाळावर ओढला. "मी तवाबी म्हनलं हुतं तात्या, दिस बुडताना मेंढरं सोडून त्यो मानूस कुटं जायचा न्हाय. कुनी ऐकलं न्हाय माजं."

बाहेर अजितने हॉर्न वाजवला.

५

परतीच्या वाटेवर झुंबररावांचा फोन वाजला. निकिता होती.

"तात्या, आठवलं! अर्धं-अर्धं होत जाणारे आकडे होते. आठ, चार, दोन. सातही वेळा आठ, चार, दोन."

"बरं," झुंबरराव म्हणाले आणि फोन बंद केला.

"कुणाचा हुता?" अजितने विचारलं. नजर रस्त्यावर, पण हात स्टिअरिंगवर आवळलेले.

"घरून. औषध घेतलं का विचारत होते."

त्यांनी डोळे मिटून घेतले. छत्तीस वर्षांत दोन्ही तालुके डोक्यात असे बसले होते की त्यांना पडद्याची गरज नव्हती. नीरेपर्यंतचा पुरा तालुका त्यांनी मनात अंथरला आणि त्याचे नऊ भाग केले. आठवा म्हणजे खालचा मधला, वालचंदनगरचा पट्टा. त्यातला चौथा, डावीकडचा. त्यातला दुसरा, वरचा. तिथे शेतं होती, एक आतला डांबरी रस्ता होता, आणि तो रस्ता जिथे कालवा ओलांडतो तिथला अरुंद पूल होता. मेंढरं कालव्याच्या कडेला सापडली होती.

म्हस्कूला हायवेवर कुणी उडवलंच नव्हतं. त्याला त्या पुलाशी उडवलं आणि मोडक्या मानेने वीस-पंचवीस किलोमीटर दूर नेऊन टाकलं.

झुंबररावांनी डोळे उघडले. गाडी भिगवणजवळ आली होती. डाव्या हाताला तो ढाबा आला, ज्याच्यासमोर म्हस्कू सापडला होता. अजितने मान उजवीकडे फिरवली आणि ढाबा मागे पडेपर्यंत ती सरळ केली नाही. समोरून मासळीचा टेम्पो येत होता, त्याने जोरात हॉर्न दिला तेव्हा कुठे अजित भानावर आला.

"सावकाश चालव," झुंबरराव म्हणाले. "मला उद्या अकराला तुम्ही तिघंही लागणार आहात."

६

गुरुवारी अकराला तिघेही प्रयोगशाळेत होते. झुंबररावांनी टॅब आणि निकिताचा मोठा पडदा शेजारी शेजारी लावून घेतले.

"निकिता, तुझ्या पडद्यावर आठ, चार, दोन काढ."

कालव्यावरचा पूल पडदाभर पसरला.

"आता टॅबवर तेच."

टॅबवर उसाचं रान आलं. रस्ता नाही, वस्ती नाही.

"म्हणजे नकाशाच बदललाय!" निकिता ओरडली. "मी पुरा नकाशा भरून दिला होता."

"बदलला नाही, खालून कापला. मंगळवारी टॅब तुम्हा तिघांकडे होता. माहिती पुसणं सोपं होतं. पासवर्ड भिंतीवर लावल्यासारखा आहे. सोमवारचं एकच सत्र पुसलं असतं, तर त्यात काय होतं म्हणून सगळ्यांनी विचारलं असतं. म्हणून अख्खा म्हस्कू पुसला. पण नकाशा कापायचा तर कात्री कुठं लावायची हे ठाऊक पाहिजे. म्हस्कूनं कुठली जागा दाखवली, हे ठाऊक पाहिजे."

झुंबरराव सरांकडे वळले.

"सर, तुम्ही टक्के बघता. जागा तुम्ही पाहिली नाहीत, आणि म्हस्कू पुसून तुमचंच नुकसान. निकिता आकडे बघते. आकड्यांवरून तिनं जागा काढली असती आणि ती दडवायची असती, तर तेच आकडे तिनं मला काल फोन करून सांगितले नसते. राहिला सोमवारी पळसदेवला पडद्यासमोर असलेला माणूस."

"मी पडदा बघितला नव्हता, तात्या," अजित म्हणाला. आवाज त्यालाच ऐकू गेला असेल नसेल.

"तेच म्हणालास तू. मग टॅब हातात धरून घाम कशानं फुटला? दमलेला माणूस तर तू रोज बघतोस."

सर काही बोलायला गेले. झुंबररावांनी हात वर केला. ते अजितकडे बघत राहिले. बांधावरच्या भांडणातही ते असेच बघत, रागाने नाही, वाट बघितल्यासारखे.

अजितने पिशवीत हात घातला आणि छोटी डिस्क टेबलावर ठेवली.

"दोनदा उजनीच्या काठाला गेलो फेकायला," तो म्हणाला. "हात उठला न्हाय."

मग तो जमिनीवरच बसला, भिंतीला टेकून. ढोबळी मिरचीचे क्रेट घेऊन तो पिकअप चालवत निघाला होता. दिवस मावळतीला होता. फोन वाजला, नजर खाली गेली, आणि पुलाच्या तोंडाशी काहीतरी आदळलं.

"मी उतरलो. मेंढरं चहूकडं पांगली हुती. मामा पालथे. मी त्यांना उचललं, तात्या. दवाखान्यात न्यायचं म्हणून. मान अशी... मला कुठं म्हाईत मान धरून उचलायचं असतं. क्रेट बाजूला सारून मागं झोपवलं. भिगवणचा दवाखाना माझ्या वळखीचा, म्हणून तिकडं निघालो. हायवेला लागलो आन् मनात आलं, नाव विचारतील, पोलीस येतील. ढाब्यासमोर उतरवलं. ढाब्यावरच्या माणसाला सांगितलं, कुणीतरी पडलंय, ॲम्ब्युलन्स बोलवा." त्याने डोकं गुडघ्यांत घातलं. "पुढं डॉक्टर मामीला म्हणाले, नीट उचललं असतं तर बोलता तरी आलं असतं. मी शेजारीच हुतो तेव्हा."

निकिताने तोंडावर हात धरला. "आणि तूच त्यांना टोपी घालायला शिकवलंस?"

"त्यांना बोलता यावं म्हणून," अजित म्हणाला. "खरंच त्याच्यासाठी. आन् मग ते बोलले."

त्या संध्याकाळी तो वडिलांना घेऊन स्वतःहून पोलिसांत हजर झाला. ज्ञानेश सरांनी शुक्रवारचा कार्यक्रम रद्द केला. फोन करताना त्यांनी कारण लपवलं नाही.

७

शुक्रवारी सकाळी उपनिरीक्षक रणजित गावडे पळसदेवला आले. मागच्या गाडीत अजित होता. पुलाचा पंचनामा करायला त्याला न्यायचं होतं. त्याला अंगणात लिंबाखाली उभं केलं. म्हाळसाने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

निकिताने रात्र जागून पडद्यावर दोनच चौकोन ठेवले होते. हिरव्यावर हो, लालवर नाही.

"साधी गोष्ट," ती कसनुशी म्हणाली. "वर्षभरात सुचली नाही. आम्ही त्यांना पायऱ्या आणि उतारच विचारत राहिलो."

झुंबररावही इथे दहादा येऊन गेले होते. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

गावडेंनी आधी खात्री करून घेतली. नाव म्हस्कू? हो. आज सोमवार? नाही. बायकोचं नाव प्रयागबाई? नाही. म्हाळसाला अशाही वेळी हसू आलं. गावडेंनी कागद पुढे ओढला. "कोर्टात हे किती टिकेल मला सांगता यायचं नाही. पण मी लिहून घेतो."

पूल? हो. दिवस मावळताना? हो. पिकअप? हो.

"ते चालवणाऱ्याला तुम्ही ओळखता?"

हिरवा चौकोन उजळला.

गावडेंनी वर पाहिलं. "बाहेर उभा आहे तोच?"

हो.

झुंबररावांना राहवलं नाही. "म्हस्कू, तुला हे कधी कळलं? त्याचा आवाज पहिल्यांदा घरात ऐकलास तेव्हाच?"

हो.

"अगं बया," म्हाळसा खाटेच्या कडेवर बसली. "आन् तरी तुमी त्येच्याकडनं डोकं पुसून घेतलं? दीड वरीस?"

त्याला उत्तर द्यायला चौकोन नव्हता. म्हस्कूची बुबुळं पडद्यावर तशीच राहिली.

गावडेंनी जबाब लिहून काढला आणि एकेक वाक्य मोठ्याने वाचायला लागले. प्रत्येक वाक्याला हिरवा चौकोन उजळत गेला. शेवटाला ते आले: "सदर वाहनचालकाने मला हायवेच्या कडेला टाकले व तो तत्काळ पळून गेला."

लाल.

"चुकून झालं असेल," गावडे म्हणाले आणि पुन्हा वाचलं. पुन्हा लाल. निकिताने लाटांकडे बघितलं आणि मान हलवली. चूक नव्हती.

"हायवेच्या कडेला टाकलं?" झुंबररावांनी विचारलं. हो. "पळून गेला?" नाही.

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. झुंबरराव खाटेजवळ सरकले. बांधाचा दगड नेमका कुठे होता हे विचारताना जसा त्यांचा आवाज होई, तसा झाला. "तितंच थांबला हुता?"

हो.

"ॲम्ब्युलन्स येईस्तोवर?"

हो.

"तुज्याजवळ?"

नाही.

"लांब? रस्त्याच्या पल्याड?"

हो.

झुंबरराव गुडघ्यावर हात टेकत उठले आणि दारात आले. अजितने आतलं सगळं ऐकलं होतं. तो लिंबाच्या बुंध्याला धरून उभा होता.

"थांबला हुतास तू?"

"अर्धा तास," अजित म्हणाला. "गाडी पलीकडं लावून. त्यांना गाडीत घेतलं तवा निघालो."

"मग कुठंच बोलला नाहीस ते."

"काय तोंडानं सांगू तात्या? नुसता बघत उभा हुतो. हात धरायलासुदिक गेलो न्हाय." एवढं बोलून तो मटकन खाली बसला, आणि शेजारचा हवालदार त्याला उठवायला वाकला, पण तसाच थांबला.

गावडेंनी ते वाक्य खोडलं. नवं लिहिलं आणि वाचलं: "ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो रस्त्याच्या पलीकडे थांबला होता, परंतु माझ्याजवळ आला नाही."

हिरवा चौकोन उजळला आणि तसाच उजळत राहिला.

शाई लावून म्हस्कूचा अंगठा उठवला गेला. गावडेंनी कागदाची घडी घातली, आपली पोलिसी टोपी चढवली आणि अंगणात उतरले. अजितला गाडीत बसवलं. निकिता म्हस्कूच्या हनुवटीखालचा पट्टा सोडायला वाकली.

"ऱ्हाऊ दे गं," म्हाळसा म्हणाली.

"मामी, ते दमले असतील."

"दमू दे. कंचं बटन दाबायचं तेवढं दाव मला. अडीच वरसं एकटीच बोलतीया मी. मला लई इचारायचंय." तिने पदर खोचला, चटई सरकवून खाटेला चिकटून बसली, आणि मान वर करून म्हणाली, "तुमी समदी भाईर व्हा."

निकिताने बटण दाखवलं. ती बाहेर आल्यावर झुंबररावांनी दार ओढून घेतलं.